काणीचा दुसरा डोळा

पुंजाराम शेजूळनं एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या आणि एकोणीस वर्षांत त्याचं एकदाही चुकलं नाही. हे त्याचं स्वतःचं म्हणणं. गाडी रस्त्याखाली उतरली तर रस्ता वाकडा असायचा, ब्रेक लागला नाही तर समोरच्यानं उगाच घाई केलेली असायची, आणि डिझेल संपलं तर ते पंपवाल्यानं कमी घातलेलं असायचं. असा बिनचूक माणूस गोमटवाडीला टँकरवर लाभला, तोही पाठोपाठच्या दुष्काळात, हे गावाचं नशीब.

शेंद्र्याच्या पलीकडं, माळाच्या कडेला गोमटवाडी. नाव ज्यानं ठेवलं त्यानं गाव पाहिलं नसावं. दीडदोनशे उंबरा, एक शाळा, मारुतीचं देऊळ आणि एक विहीर. विहिरीला पाणी नव्हतं, पण विहीर होती म्हणून टँकर मंजूर झाला, कारण टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि बायांनी पोहऱ्यानं शेंदून घ्यायचं, अशी रीत. चाकावर आलेलं पाणी आधी चाळीस फूट खाली टाकायचं आणि मग दोरानं वर ओढायचं. यात काही इचित्र आहे असं वाडीत कुणाला वाटायचं नाही.

टँकर नानासाहेबांचा. नानासाहेब शहरात राहायचे आणि त्यांच्या गाड्या चार तालुक्यांत पाणी पुरवायच्या. त्यातली सगळ्यात म्हातारी गाडी पुंजारामच्या वाट्याला आली होती. तिचा डावा लाइट कुठल्याशा उसाच्या ट्रॉलीनं कधीच फोडला होता. उजवा तेवढा जळायचा, पिवळा, तुपाच्या दिव्यासारखा. म्हणून तिचं नाव काणी.

पण वाडीला तोच एक डोळा ओळखीचा. शेंद्र्याच्या टाकीवर भरायला रांग, त्यात टँकर कधी सुटेल त्याचा भरवसा नाही. दिवस मावळता मावळता माळाच्या चढावर एकच पिवळा ठिपका दिसला, की पोरी ओरडायच्या, "काणी आली." मग घराघरातून हंडे, कळशा, पोहरे, दोर निघायचे. दिवसाला एक खेप. एका खेपेत घरटी तीन हंडे, चौथ्याला भांडण. दुसरी खेप मिळावी म्हणून सरपंच बद्रीनाथनं तहसिलात इतके अर्ज दिले होते, की तिथल्या शिपायाला त्याचं अक्षर ओळखू यायचं. अखेर उत्तर आलं की वरून पाहणी पथक येणार आहे, ते दुष्काळ बघेल आणि मग ठरवेल. वाडी पथकाच्या वाटेकडं डोळे लावून बसली.

आता काणीला दुसरा डोळा बसवायचं पुंजारामच्या डोक्यात कसं आलं, ते सांगायला पाहिजे.

शेंद्र्याला कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा ज्यांच्या गेल्या त्यांच्याकडं एकदम पैसा आला. ज्यांनी जल्मात बैलगाडीला कंदील बांधला नव्हता, त्यांच्या दारात पांढऱ्या, उंच, काळ्या काचांच्या गाड्या उभ्या राहिल्या. जायचं कुठं हे काही ठरलेलं नसायचं, पण संध्याकाळ झाली की त्या गाड्या रस्त्यावर. लाइट असे पांढरेफक, की समोरच्याच्या डोळ्यांत चुना घातल्यासारखं व्हायचं. पुंजाराम आपला एक पिवळा डोळा मिचकावत कडेला दबायचा. आणि असंच दबताना एका संध्याकाळी काणीचं मागचं चाक नाल्यात उतरलं, झाकण उघडलं आणि निम्मं पाणी नाल्यानं पिलं.

त्या दिवशी विहिरीत निम्मीच खेप पडली. बायांनी काठावरूनच त्याचा उद्धार केला. घरी गेला तर कौसाबाई, त्याची बायको, रिकामा हंडा पालथा घालून त्याच्यावर बसली होती.

"नाल्याला पाजून आलात," ती म्हणाली. "मंग जेवायला बी तिकडंच जायाचं व्हतं."

पुंजाराम म्हणाला, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, समोरच्याचा लाइटच लई होता. आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत त्यानं ठरवलं, की उजेडाला उजेडानंच उत्तर द्यायचं.

नानासाहेबांना त्यानं विचारून पाहिलं. नानासाहेबांचं म्हणणं पडलं की सरकार पाण्याचे पैसे देतं, लाइटचे देत नाही. तेव्हा पुंजारामनं पदरचेच घातले. शहरात धान्याच्या मोंढ्याजवळ मुख्तारचं दुकान. ऑटो इलेक्ट्रिकचं काम, बाप-आज्यापासूनचं. आजा निजामाच्या काळात टांग्यांचे दिवे बसवायचा, असं मुख्तार सांगायचा. दुकान बोळकांडीएवढं, पण असा एक बल्ब नाही की तिथं मिळायचा नाही. पुंजारामनं कंपनीच्या अस्सल लाइटचा भाव विचारला आणि लगेच दुसरीकडं बघायला लागला. मुख्तारला हे बघणं ओळखीचं होतं. त्यानं वरच्या फळीवरून एक खोकं काढलं.

खोक्यावर बर्फाच्या डोंगरातून जाणारी परदेशी गाडी. आत दोन एलईडी बल्ब, त्यांच्या बुडाला नखाएवढे पंखे, आणि वायरींचं एक जंजाळ. चायना माल. जुन्याच काचेत बसतो, कुठल्याही बॅटरीवर चालतो, उजेड तिप्पट. डाव्या बाजूला काच नव्हती, ती मुख्तारनं भंगारातली एक चांगलीशी काढून तशीच दिली. फिटिंगचे वेगळे पडतील, तासाभराचं काम आहे, चहा घेईस्तोवर होतं, असंही तो म्हणाला.

फिटिंगला पैसे मोजायचे म्हणजे पुंजारामच्या एकोणीस वर्षांचा अपमान. तो म्हणाला, हे काय, बल्बच तर घालायचाय. मुख्तारनं मग खोकं पिशवीत घालता घालता बल्बच्या पितळी कड्यावरचे तीन कान दाखवले, दोन बारके आणि एक मोठा.

"पुंजारामभाऊ, ये बडा कान ऊपर रहना. याद रखो. लोग इधरीच गलती करते."

पुंजाराम म्हणाला, व्हय व्हय. लोकांमध्ये तो स्वतःला धरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काणीचं तोंड उघडून तो बसला. मोठा कान वर धरून बल्ब लावून पाहिला तर बुडाची वायर वरच्या अंगाला आली. आणि इथं टँकरवाल्याच्या मनात टँकरवाल्याचा इचार आला. ही गाडी बारा महिने गळती. टाकीचं पाणी टपावर येतं, टपावरनं बॉनेटवर, बॉनेटवरनं लाइटवर. वायर वर ठेवली तर पाणी वायरीवरनं सरळ बल्बच्या पोटात. टँकरवर वायर नेहमी खालच्या अंगानं काढायची, हे तो पहिल्या वर्षीच शिकला होता. मुख्तार दुकानात बसणारा माणूस, त्याला टँकरचं काय कळतं? त्यानं बल्ब फिरवला. वायर खाली आली, मोठा कान खाली आला, पण आता बल्ब खाचेत बसेना. कान आडवे यायला लागले.

मग पुंजाराम घरात गेला, कौसाबाई पाण्याच्या मागं गेलेली बघून तिचा पाटा उचलून आणला, आणि त्याच्यावर ते तिन्ही कान घासून काढले. दोन्ही बल्बांचे. मग बल्ब लोण्यासारखा बसला. ज्या सालात उभ्या शिवारात थेंब पडला नव्हता, त्या सालात पुंजारामनं पाण्याच्या भीतीनं लाइट उलटे बसवले.

त्या संध्याकाळी काणी दोन डोळ्यांनी निघाली. असा उजेड पडला की पुंजारामच्या अंगावर काटा आला. रस्ता काही फारसा दिसेना, पण रस्ता तर पाठच होता. त्याच्यावरचं जे कधी दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. विजेच्या तारा, खांबांवरच्या चिमण्या, होर्डिंगवरचे प्लॉटवाल्यांचे फोन नंबर. समोरून आलेल्या पांढऱ्या गाड्या कच खाऊन कडेला व्हायच्या, हॉर्न द्यायच्या, काच खाली करून आईबहिणीचा उद्धार करायच्या. पुंजाराम हात वर करून तो मुजरा स्वीकारायचा.

वाडीत मात्र विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. माळाच्या चढावर दोन पांढरे लाइट दिसल्यावर काणी आली असं कोण म्हणेल? साहेबाची गाडी आली, असंच सगळ्यांनी धरलं. माळाखालच्या तळ्यात राहिलेल्या गढूळ पाण्यावर तिघाचौघांच्या चोरून बसवलेल्या पाण्याच्या मोटारी होत्या, त्यांनी मोटारी पाइपासकट काढून कडब्यात घातल्या आणि वर आपण झोपले. पुंजाराम विहिरीवर हॉर्न वाजवत बसला. हॉर्न जुनाच होता, घसा बसल्यासारखा. तो ओळखून शेवटी एक म्हातारी आली आणि तिनं काणीच्या नाकाला हात लावून खात्री केली.

दोनचार दिवसांत वाडीला सवय झाली. बद्रीनाथ तर म्हणाला, गाव सुधारतंय, टँकरसुद्धा शहरातल्यासारखा दिसतो. पुंजाराम पारावर बसून किटचे गुण सांगायला लागला. उजेड तिप्पट हे खोक्यावर छापलेलं होतं, तो पाचपट सांगायचा.

आणि मग पथक आलं.

यायचं होतं दुपारी बाराला. बायांनी रिकामे हंडे सकाळपासून विहिरीपाशी मांडून ठेवले होते, दिसावेत म्हणून. बद्रीनाथनं विहिरीशेजारची स्वतःच्या कापसाची पट्टी दाखवायची ठरवली होती. तिथला कापूस वीतभर वाढून जागीच वाळला होता, दोन बोंडं दाखवायची म्हटली तरी शोधावी लागायची. दुष्काळ कसा दिसतो ते दाखवायला असं रान मिळालं नसतं. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. निरोप आला की साहेबांना यायला थोडा उशीर होतोय. वेरूळ काही गोमटवाडीच्या रस्त्यात लागत नाही, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला आहे, पण पथक तिकडून आलं. आलं तेव्हा दिवस मावळून अंधार पडायला लागला होता, आणि वाडीत लोडशेडिंग.

गाड्या डांबरीवरच थांबल्या, कारण पुढं चाकोरी होती. साहेब, त्यांची दोन माणसं आणि तहसिलचा एक कारकून मोबाइलच्या उजेडात पाय बघत विहिरीपाशी आले. तिथं काणी विहिरीत पाणी सोडत उभी. साहेबांनी विचारलं, पीक कुठं आहे? बद्रीनाथनं काळोखाकडं हात केला. साहेबांनी मोबाइल तिकडं धरला. त्या उजेडात तीन झाडं दिसली, ती कापसाची आहेत का तुरीची, ते सांगावं लागलं.

तेव्हा बद्रीनाथला काणीची आठवण झाली. तो वळून म्हणाला, पुंजाराम, लाइट टाक.

पुंजारामच्या आयुष्यात असा क्षण आला नव्हता. वाडीची दुसरी खेप त्याच्या बोटाच्या टोकावर होती. बाया, पोरं, म्हातारे, सगळे त्याच्याकडं बघत होते, कौसाबाईसुद्धा. तो चढून बसला आणि बटण ओढलं.

कापसावर अंधार तसाच राहिला. उजेड गेला वर. बांधावर लिंबाची सात झाडं होती, जुनी, खोल मुळांची. लिंबाला दुष्काळ ठाऊक नसतो. ती सातही झाडं शेंड्यापासून हिरवीगार पेटली. पान न् पान मोजून घ्यावं असं. झाडावर बसलेले कावळे आणि बगळे दिवस उगवला समजून ओरडत उठले आणि साहेबांच्या डोक्यावरून फिरायला लागले. साहेब मान वर करून बघत राहिले. शहरात इतकी झाडं, इतकी पाखरं कुठं बघायला मिळतात?

बद्रीनाथ घाईनं म्हणाला, साहेब, खाली बघा, खाली. साहेबांनी खाली बघितलं, पण डोळ्यांत लाइट गेलेला, त्यांना काहीच दिसेना. पुंजारामनं डीपर दाबला. उजेड लिंबावरून देवळामागच्या चिंचेवर गेला. चिंचही हिरवी होती.

"आरं, खाली घे ना उजेड," बद्रीनाथ दबक्या आवाजात म्हणाला.

"गाडीचं तोंड खाली घ्यावं लागल," पुंजाराम म्हणाला, आणि त्यानं तेही केलं. पाइप विहिरीत तसाच सोडून गाडी तसूतसूनं पुढं घेतली आणि पुढची चाकं विहिरीच्या अंगाच्या चरात उतरवली. काणीनं मान खाली घातली. उजेड लिंबावरून घसरला, बांधावर आला, बांधावरून रानात उतरला. पुंजारामनं श्वास सोडला.

उजेड जिथं पडला ती बरोबर गळतीची जागा होती. काणी विहिरीवर उभी राहिली की रोज तिच्या टाकीचं आणि पाइपाचं पाणी चरातून उतरून तिथं झिरपायचं, आणि त्या ओलीवर वर्षभर हरळी माजली होती. गुडघ्याएवढी. वाडीतल्या दोन शेळ्या त्याच्यावर जगत होत्या. सगळ्या शिवारात जमिनीवर तेवढी एकच चटईएवढी जागा हिरवी होती आणि आता ती पांढऱ्या उजेडात नवरदेवाच्या शेल्यासारखी झळकत होती.

साहेब म्हणाले की जमिनीत ओल दिसते. कारकुनानं ते लिहून घेतलं. बद्रीनाथनं सांगायला तोंड उघडलं, की ही ओल टँकरची आहे. पण टँकर गळतो असं साहेबांपुढं म्हणावं, तर टँकरच बंद व्हायचा. त्यानं तोंड मिटलं. साहेबांनी लाइटबद्दल चौकशी केली, गावाकडं एवढी सुधारणा पाहून बरं वाटलं असं म्हणाले, आणि पथक पाय बघत बघत डांबरीकडं गेलं.

महिन्यानं कागद आला. त्यात लिहिलं होतं, की प्रत्यक्ष पाहणीत गावात वृक्षराजी चांगली आढळली, पक्ष्यांचा वावर आहे, जमिनीत ओलावा आहे, सबब सध्याची एक खेप पुरेशी आहे. बद्रीनाथनं ते देवळापुढं मोठ्यानं वाचलं. वृक्षराजी म्हणजे काय ते शाळेच्या गुरुजींना विचारून घेतलं. मग सगळे पुंजारामकडं बघायला लागले.

पुंजाराम म्हणाला, यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चायनाचा माल.

वाडीला ते पटलं. चायनाचा मोबाइल पंधरा दिवसांत बंद पडतो, चायनाची बॅटरी फुगते, हे ज्याच्या त्याच्या घरातलं होतं. चायनाचा लाइट झाडावर चढला तर नवल ते काय? म्हाताऱ्यांनी एका दूरच्या देशाला मनापासून शिव्या घातल्या. पुंजाराम त्यात सगळ्यांत पुढं. आणि ते किट मुख्तारच्या तोंडावर मारतो म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच काणी घेऊन मोंढ्यावर गेला.

मुख्तारनं बॉनेट वर केलं. त्यानं लाइटच्या मागचं रबर काढलं, बल्ब हातात घेतला, अंगठा कड्यावरून फिरवला. मग दुसरा बल्ब काढला, त्याच्याही कड्यावरून अंगठा फिरवला.

"कान किधर गये इसके?" त्यानं विचारलं.

पुंजाराम समोरच्या टायरच्या दुकानाकडं बघत राहिला. धंद्यात मुख्तारनं बरेच बिनचूक लोक पाहिले होते. त्यानं बल्ब सरळ फिरवले, ट्यूबच्या रबराची चकती कापून, कान नसताना ते हलू नयेत म्हणून कडेला ठोकली, वायरीला खाली एक वळसा दिला म्हणजे पाणी वळशावरनं गळून जाईल, आणि भिंतीवर लाइट टाकून वरखाली नीट लावून दिला. चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. फिटिंगचे पैसे त्यानं घेतले नाहीत, ते पुंजारामला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी उजेड पहिल्यांदा रस्त्यावर पडला. खडा न् खडा दिसला. समोरच्यांनी शिव्या दिल्या नाहीत. माळ उतरून काणी वाडीच्या शिवारात वळली आणि बद्रीनाथची कापसाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत समोर उभी राहिली. वाळक्या काड्या, भेगाळलेली माती, एकेका काडीची सावली वेगळी. दुष्काळ असा स्वच्छ कुणी पाहिला नसेल. बघायला फक्त पुंजाराम होता. त्याच्या हातात कागद नव्हता आणि शिक्काही नव्हता. त्यानं गाडी तिथंच उभी केली, आणि मागून हंड्यांचा आवाज आला तशी विहिरीकडं घेतली.

बद्रीनाथनं काठावरनं पाहिलं. म्हणाला, आता कसा खाली पडतोय उजेड, काय केलं?

"मुख्तारनं पीस बदलून दिला," पुंजाराम म्हणाला. "पहिला खराब निघाला व्हता."

"तरीच," बद्रीनाथ म्हणाला, आणि चायनाला आणखी एक शिवी दिली.

कौसाबाई पोहरा घेऊन पलीकडंच उभी होती. बायांचा गलका जरा पांगल्यावर जवळ आली, पदराच्या गाठीतनं काहीतरी काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. पितळेचे दोन बारके तुकडे आणि चिमूटभर कीस.

"महिना झाला, चटणीत पिवळं लागायचं," ती म्हणाली. "पाट्याच्या टाक्यात अडकून बसलं व्हतं. म्या इचारलं न्हाई. म्हनलं, सांगतील कवातरी."

पुंजारामनं मूठ मिटली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला रस्ता, समोरचा, पंपवाला, चायना, यातलं काहीच आठवेना. मूठ मिटूनच त्यानं खालच्या आवाजात विचारलं, की कुणाला बोललीस का.

कौसाबाईनं विहिरीकडं बघितलं. बद्रीनाथ दहा पावलांवर होता. तिनं हातातला दोर आणि पोहरा पुंजारामच्या खांद्यावर टाकला.

तेव्हापासून पुंजाराम टँकर रिकामा करतो, खाली उतरतो आणि घरचे तीनही हंडे स्वतः शेंदतो. आपणच चाळीस फूट खाली टाकलेलं पाणी आपणच दोरानं वर ओढतो. कधीमधी शेजारच्या म्हातारीचाही हंडा भरून देतो, कारण कौसाबाई तसं सांगते. वाडीत त्याचं नाव झालंय. बाया आपापल्या नवऱ्यांना सांगतात, पुंजारामकडं बघा, दिवसभर गाडी चालवून येतो आणि वर बायकोचं पाणी भरतो. बद्रीनाथनं तर ग्रामसभेत त्याला उभं करून नारळ दिला.

पुंजारामनं नारळ घेतला, आणि कौसाबाई कुठं बसलीय ते एकदा बघून घेतलं.